तिघांत मिळून एकच काठी घ्या

वाचकाचं पत्र: माझं वय ४१. सासरे ७२ वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस टीव्हीसमोरच जातो. त्यांचा एक गुडघा दुखतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मुलगा दहा वर्षांचा, पाच मिनिटं एका जागी बसत नाही. मी कामावरून घरी येते तेव्हा डोकं पार शिणलेलं असतं, आडवी पडले तरी विचार थांबत नाहीत. गळ टाकून मासे धरण्याचा छंद तिघांनाही झेपेल असं कुणीतरी सुचवलं आणि ते मनात घर करून बसलंय. पण आमच्यापैकी कुणालाच त्यातलं काही येत नाही. नवऱ्याने उत्साहाने रॉड आणि रिळांचे तीन महागडे संच बघून ठेवलेत. सासूबाई म्हणतात, ‘मुक्या जिवाला तडफडत ठेवून तुम्हाला कसली विश्रांती मिळणार?’ त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही आणि छंदाचा विचारही सोडवत नाही. काय करू?

ताई,

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी घातलाय, पण मला उत्तराची सुरुवात तिथूनच करायची आहे. तो तसाच ठेवून काठी घेतलीत तर मासा गळाला लागला की दर वेळी त्यांचं वाक्य आठवणार. मग पाण्याकाठी बसून मन हलकं व्हायचं ते होणार नाही.

त्यांचं म्हणणं खोडता येत नाही, कारण त्यात तथ्य आहे. माशाचं रक्त थंड असतं, गळ टोचला तरी त्याला काही कळत नाही, असं ठासून सांगणारे तुम्हाला भेटतील. त्यांचं ऐकू नका. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांवर केलेलं संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं. माशाच्या डोक्यावर आणि ओठांभोवती इजेला प्रतिसाद देणारे चेतातंतू असतात, हे त्यात दिसून आलं. ओठात झोंबणारं द्रव्य टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर तोंड घासत होते आणि बराच वेळ अन्नाकडे फिरकत नव्हते. आपल्याला दुखतं तसंच त्यांना दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. मला विचाराल तर दुखतं असंच धरून चालावं.

हे मान्य केल्यावर गळ टाकायचा की नाही, ते ज्याने त्याने स्वतःपुरतं ठरवायचं. कायदेसुद्धा इथे निरनिराळ्या दिशांना जातात. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांत, सोडून देण्याच्याच हेतूने मासे धरायला मनाई आहे. खायचा नसेल तर त्याला त्रास कशाला, असा त्यामागचा विचार. दुसरीकडे कितीतरी पाण्यांवर ठरावीक मापापेक्षा लहान मासा किंवा विणीच्या दिवसांतला मासा सोडावाच लागतो. माझं स्वतःचं मत असं, की मासा धरला तर तो एक तर खाण्यासाठी घ्यावा, नाहीतर लगेच आणि धडधाकट पाण्यात परत जाईल असं बघावं. बादलीत तासभर फिरवत ठेवून, चार जणांना दाखवून, फोटो काढून संध्याकाळी अर्धमेला सोडायचा, हा जो मधला प्रकार चालतो तो मला बघवत नाही. तुमच्या घरात तो शिरू देऊ नका.

खाण्यासाठी घेणार असाल तर मासा काठावर तडफडत पडू द्यायचा नाही. बाहेर आल्याबरोबर त्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, जड दांडक्याचा एक जोरकस फटका मारून त्याची शुद्ध घालवायची आणि मग कल्ल्यांपाशी कापून रक्त काढायचं. हे काम मोठ्या माणसाचं. तुमच्यापैकी कुणाच्याच हातून ते होण्यासारखं नसेल तर खायला मासा घेऊ नका, इतकं साधं आहे ते.

सोडून देणार असाल तर तयारी घरापासूनच सुरू होते. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट करून टाका. त्यामुळे गळ आला तसा सरळ निघतो, माशाच्या तोंडातून आणि वेळ आलीच तर मुलाच्या बोटातूनही. दोरी फार बारीक घेऊ नका. तुटायच्या भीतीने मासा बराच वेळ खेळवावा लागतो, आणि मग सोडल्यावर तो निपचित पडतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतूंपासून वाचवतो आणि कोरड्या हाताने किंवा फडक्याने तो पुसला जातो. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत. मासा पाण्यात असतानाच गळ काढता आला तर उत्तमच. फोटो हवाच असेल तर मुलाला सांगा, मासा बाहेर असेपर्यंत तूही श्वास रोखून धरायचास. तुला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात. दहा वर्षांच्या पोराला हा नियम एकदाच सांगावा लागतो. आणि कधी गळ खोल गिळलेला निघाला तर ओढाओढ न करता दोरी तोंडाजवळ कापायची, गळ आत राहू द्यायचा. उपसून काढण्यापेक्षा तसा सोडलेला मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

हे सगळं सासूबाईंना सांगा. तरीही त्या नको म्हणतील कदाचित. म्हणू द्या, आणि त्यांना पटवायच्या मागे लागू नका. माशाच्या बाजूने बोलणारं एक माणूस घरात असलं की बाकीच्यांच्या हातून हयगय होत नाही.

आता नवऱ्याने बघून ठेवलेले ते तीन संच. ते घेऊ नका. रिळाच्या काठीने लांब फेकायला शिकावं लागतं आणि नवशिक्याच्या हातात रिळाची दोरी हमखास गुंतते. तिघांच्या तीन काठ्या म्हणजे तीन गुंते, तीन ठिकाणी लक्ष आणि मुलाचा गळ आजोबांच्या दोरीत. तुम्हाला सुरुवातीला एकच काठी हवी आहे, तीही बिनरिळाची. साधारण चार मीटर लांबीची, एकात एक सरकून बंद होणारी हलकी काठी मिळते. तिच्या टोकाला काठीइतकीच किंवा हातभर कमी लांबीची दोरी बांधायची. मग फेकाफेकीचा प्रश्नच उरत नाही, दोरी झुलवून पाण्यावर अलगद ठेवायची. लहान माशांसाठी ०.१६ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, दीड-दोन ग्रॅम वजन पेलणारा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी कांडी, आणि १४ किंवा १६ नंबरचा गळ, एवढ्याने काम भागतं. गळांचे आकडे उलटे चालतात, हे दुकानात जाण्याआधी माहीत असू द्या: १६ नंबरचा गळ १० नंबरच्या गळापेक्षा लहान असतो. जोडीला लांब दांड्याची हातजाळी, टोकदार पकड आणि छोटी कात्री घ्या. बाकी काही नको.

दोरीला वजन लागतं, त्यासाठी शिशाचे मणी मिळतात. शक्य असेल तिथे त्याऐवजी कथिलाचे किंवा टंगस्टनचे मणी घ्या. राजहंस पाण्याच्या तळातले खडे गिळतात, कारण त्यांच्या पोटात अन्न दळलं जायला ते लागतात. खड्यांबरोबर शिशाचे मणीही पोटात जाऊन ते पक्षी विषबाधेने मरू लागले, म्हणून इंग्लंडमध्ये १९८७ साली अशा लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. मणी दोरीवर दातांनी दाबून बसवणारी माणसं काठावर दिसतील. मुलाने ते बघून शिकायच्या आत त्याच्या हातात पकड द्या. मणी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हेही त्यातच आलं.

गाठ एकच शिका आणि ती सासऱ्यांच्या ताब्यात द्या. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवायची, मोकळं टोक मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेढे फिरवायचं, मग नेढ्याजवळ तयार झालेल्या छोट्या फासातून घालून, त्यामुळे जो मोठा फास पडतो त्यातूनही काढायचं. आवळण्याआधी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करायची आणि सावकाश ओढायची. कोरडी गाठ झटक्यात ओढली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमकुवत होतं. तुमच्या सासऱ्यांनी हे पाण्याकाठी करायची गरज नाही. घरी चांगल्या उजेडात, भिंगाखाली, हातभर दोरीचे आठ-दहा गळ आदल्या दिवशी बांधून ठेवता येतात. छंदाचा हा भाग टीव्हीसमोरच्या वेळातला मोठा तुकडा आपोआप काढून घेतो.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते फ्लोटबद्दल. पाण्यावर तरंगणारी ती रंगीत टोकाची बारीक कांडी नीट बसवली तर पाण्याखाली काय चाललंय ते सांगत राहते, वाईट बसवली तर मुकी होते. आधी पाण्याची खोली मोजायची: गळाला थोडं जास्त वजन अडकवून तळाशी सोडायचं. फ्लोट बुडाला तर पाणी जास्त खोल आहे, म्हणून तो दोरीवर वर सरकवायचा. आडवा पडला तर खाली घ्यायचा. टोक जेमतेम वर दिसायला लागलं की खोली कळली. मग जास्तीचं वजन काढून दोरीवर एकेक मणी वाढवत जायचा, फ्लोट सरळ उभा राहून त्याचं नुसतं टोक, अर्धा सेंटिमीटरभर, बाहेर राहीपर्यंत. अर्धी कांडी वर राहिली तर ती खाली ओढायला माशाला जोर लावावा लागतो, त्याला संशय येतो आणि तो आमिष थुंकून टाकतो.

एवढं जमलं की बघत राहायचं. प्रथम टोक नुसतं थरथरतं, भोवती एक बारीकसं वर्तुळ उमटून विरतं. बारके मासे आमिषाला टोचताहेत, काही करायचं नाही. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टोक वाऱ्याच्या उलट दिशेला दोन बोटं सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. आता कुणीतरी आमिष तोंडात धरून चाललंय. कधी उलटंच होतं: फ्लोट वर येतो आणि आडवा पडतो. तळाशी टेकलेलं आमिष माशाने उचललं, त्याबरोबर शेवटचा मणीही उचलला गेला आणि फ्लोटवरचं वजन कमी झालं. टोक दिसेनासं झालं, किंवा फ्लोट असा आडवा झाला, की मनगटाने काठी हलकेच वर उचलायची. हिसका द्यायचा नाही. एवढ्या लहान गळाला तेवढं पुरतं, आणि लवकर उचलली तर मासा गळ गिळत नाही.

तुम्ही लिहिलंय, आडवी पडले तरी विचार थांबत नाहीत. मला वाटतं तुम्हाला रिकामा वेळ कमी पडत नाहीये. मन टेकवायला जागा मिळत नाहीये. रेचल आणि स्टीफन कापलान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८० च्या दशकात याबद्दल एक सिद्धांत मांडला. कामात आपण जोर लावून लक्ष एकवटतो आणि ते लक्ष थकतं. हलती पानं, पाण्यावरच्या लाटा अशा गोष्टी लक्ष आपणहून वेधून घेतात, तरी मन पूर्ण व्यापत नाहीत, आणि तेवढ्या वेळात ते थकलेलं लक्ष सावरतं. फ्लोटचं टोक ही तसली गोष्ट आहे. उद्याच्या कामाचा विचार मनात येतो, पण तेवढ्यात टोक हलतं आणि तो तिथेच राहतो. काठी हातात असलेल्यालाच हे मिळतं असं नाही. शेजारी बसून त्याच टोकाकडे बघणाऱ्यालाही मिळतं. एकच काठी घ्या म्हणते ती यासाठीही. तिघं एकाच गोष्टीकडे बघत बसता, आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही.

मुलगा पाच मिनिटं बसत नाही म्हणता, तर त्याला बसवू नका. पहिल्या वेळी तास, फार तर सव्वा तास, आणि त्याला आणखी थांबायचं असतानाच निघायचं. मोठ्या माशाच्या मागे लागायचं नाही. लहान मासे भरपूर असतील असं उथळ पाणी निवडायचं, कारण त्याला वाट बघायची सवय नंतर लागेल, आधी टोक बुडताना दिसलं पाहिजे. काठी पाळीपाळीने: एक मासा लागला की पुढच्याची पाळी, किंवा पंधरा मिनिटं झाली की. ज्याची पाळी नाही त्याच्याकडे हातजाळी किंवा चारा टाकण्याचं काम. चारा म्हणजे त्याच ठिकाणी दर काही मिनिटांनी टाकायचे आमिषाचे चार-दोन कण. मूठभर टाकले तर मासे पोट भरून निघून जातात, आणि मुलं नेमकी मूठभर टाकतात. म्हणून त्याला मोजून द्या. आमिष म्हणून गांडूळ, मक्याचा दाणा किंवा मळलेल्या पिठाची वाटाण्याएवढी गोळी, यांतलं काहीही चालेल.

त्याला आणखी एक जबाबदारी द्या. मासे आपल्याला कसे ओळखतात, हे शोधून काढायची. पाण्याकाठी बोलू नये असं सर्रास सांगतात, पण हवेतला आवाज बहुतेक पाण्याच्या पृष्ठभागावरून माघारी फिरतो. गप्पा मारायला हरकत नाही. जमिनीवर आपटलेल्या पायाचा हादरा मात्र थेट पाण्यात जातो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर असतो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातली बारीकशी हालचालही जाणवते. दिसण्याचंही तसंच आहे. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं सारं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल झरोक्यातून दिसतं. काठावर उभा राहिलेला माणूस त्यात ठसठशीत दिसतो. पाण्यापासून दोन पावलं मागे, खाली बसलेला माणूस झरोक्याच्या कडेला चेपला जातो आणि जवळजवळ नाहीसा होतो. हे सांगितलंत की तुमचा मुलगा मांजराच्या पावलांनी चालायला लागेल. मिशा असलेल्या कॅटफिशला अंगभर चव कळते, त्यांच्या कातडीवरही चवीच्या कळ्या असतात, हेही सांगा. मुलांना असलं फार आवडतं, आणि मलाही.

पण काठी घेण्याआधी एका संध्याकाळी नुसतंच जाऊन या. पाणी बघायला. सासूबाईंनाही न्या, त्या दिवशी कुणाचा जीव जाणार नाहीये. बुडबुडे कुठे येताहेत, कुठल्या झाडाची सावली पाण्यावर पडलीय, वारा कुठल्या काठाकडे वाहतोय ते पाहा. वाऱ्याबरोबर वरवरचं अन्न समोरच्या काठाला जाऊन साचतं आणि त्यामागे मासेही जातात. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे लख्ख उन्हात तो सावलीत किंवा खोल पाण्यात राहणं पसंत करतो. पहाट आणि तिन्हीसांजेला तो काठाजवळ येतो, म्हणून मासे धरणारे त्या वेळा धरतात. तुमच्या सासऱ्यांना पहाटे जाग येत असणार, त्याचा उपयोग करून घ्या.

कडक उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र जाऊच नका. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो: गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच. तशा पाण्यात दमलेला मासा सोडला तरी सावरेलच असं नाही.

आता सुरक्षितता. यात तडजोड करू नका. मुलाने लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येत असलं तरी. तिघांनीही टोपी आणि चष्मा घालायचा, कारण झुलणारा गळ डोळ्यांच्या उंचीवर येतो. पोलराइज्ड काचांचा असेल तर पाण्यावरची चकाकीही जाते आणि आतलं दिसतं. काठी उचलताना मागे बघायचं. बहुतेक काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील त्या जागी बसायचंच नाही. ढग गडगडले की काठी खाली ठेवून तिथून निघायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. कॅटफिशच्या परांना ताठ काटे असतात आणि ते टोचले तर खूप ठणकतं, त्यामुळे तसला मासा मुलाला हाताळू देऊ नका. उलटा काटा सपाट केलेला गळ बोटात घुसला तर आला त्या वाटेने काढता येतो. काटा तसाच असलेला गळ खोल रुतला, किंवा डोळ्याच्या आसपास कुठेही लागला, तर घरच्या घरी उपद्व्याप न करता डॉक्टरकडे जायचं, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं.

सासऱ्यांबद्दल दोन-तीन गोष्टी तुम्ही लिहिल्यात म्हणून सांगते. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे बारीकशी जखमही वाहत राहते. गळ काढणं, मासा सोडवणं ही कामं तुम्ही करा, पिशवीत पट्टी आणि कापूस असू द्या, आणि त्यांच्या डॉक्टरांना एकदा हा बेत सांगून ठेवा. दुखऱ्या गुडघ्याला बुटकी घडीची खुर्ची चालत नाही. हात टेकून उठता येईल अशी, हातांची, थोडी उंच खुर्ची न्या आणि ती सपाट, कोरड्या जागी, काठापासून जरा मागे लावा. उतारावर नको. चार मीटरची काठी तासभर हातात धरून ठेवायची गरज नाही, जमिनीत रोवायचा टेकू मिळतो. फ्लोटच्या टोकाचा रंग बदलता येतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही: पाणी चकाकत असेल तर काळं टोक उठून दिसतं, सावलीतल्या काळपट पाण्यावर नारिंगी. दोन्ही जवळ ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना याने खूप फरक पडतो.

तुमच्यासाठी वेगळं एवढंच, की कधीतरी या दोघांशिवाय एकटीने जा. मुलाच्या टोपीकडे आणि सासऱ्यांच्या खुर्चीकडे लक्ष असताना तुम्ही घरचंच काम करत असता. त्या दोघांसाठी जाणं वेगळं आणि स्वतःसाठी जाणं वेगळं. नवऱ्याला तीन संचांची हौस होतीच, तर ती सकाळ त्याने घर सांभाळावं.

निघताना तंगुसाचा प्रत्येक तुकडा उचलून घरी आणा, अगदी दुसऱ्याने टाकलेलासुद्धा. तो वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि पक्ष्यांचे पाय त्यात अडकून तुटतात. कात्रीने बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका. एका पाण्यातला जिवंत मासा दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडायचा नाही, आणि दुसरीकडे जायच्या आधी जाळी खडखडीत वाळवायची. रोग आणि नको असलेल्या जाती यांचा प्रसार असाच होतो.

आणि परवान्याचं काठी घ्यायच्या आधी बघा. पाणी कुणाच्या मालकीचं आहे, तिथे गळ टाकायला परवानगी लागते का, कुठल्या महिन्यांत बंदी असते, किती मापाखालचा मासा सोडायचा, मुलांना वेगळा नियम आहे का, हे दर ठिकाणी वेगळं असतं. लेखी नियम मागून घ्या. ते हातात आले की काठावर नेहमी बसणाऱ्यांपैकी एखाद्याला विचारा, इथे या दिवसांत काय लागतंय, कुठल्या आमिषाला, किती खोलीवर. विचारायला तुम्ही जाऊ नका, सासऱ्यांना पाठवा. जुनी मंडळी आपल्या वयाच्या माणसाशी मोकळेपणाने बोलतात, आणि बहुतेक वेळा बसायला जागाही दाखवतात.